चादरी संपल्या, आरसे उरले

माणूस गेला की घरातला आरसा झाकायचा, याबद्दल आमच्या गल्लीत दुमत नाही. जीव जाता जाता आरशात अडकतो म्हणतात. शिवाय न झाकलेल्या आरशात जो पहिल्यांदा डोकावेल, पुढचा नंबर त्याचा. चारचौघांच्या घरी हे एका टॉवेलात भागतं. पण या वेळी गेला तो आरसेवालाच. वर घर, खाली दुकान, आणि दुकानाच्या चारही भिंतींना आरसे.

मोहीम थोरल्या वन्संनी हाती घेतली, म्हणजे गेलेल्याच्या बहिणीने. चादरी संपल्या, पडदे संपले, टेबलावरचं प्लॅस्टिकही कामी आलं. एका आरशाकडे पाठ करावी तर समोरून दुसरा टपलेला. म्हणून वन्संनी डोळे गच्च मिटून काम चालवलं. त्यात काउंटर झाकून झाला, शिडी झाकून झाली आणि मदतीला उभा असलेला धाकटा भाऊही झाकून झाला.

आरसेवाल्याची बायको जिन्याच्या पायरीवर बसून हे बघत होती. रडून तिचे डोळे सुजले होते, पण उघडे होते.

"वन्सं, भावोजींना श्वास तरी घेऊ द्या."

भावोजी चादरीतून बाहेर आले ते मुद्दा घेऊनच. "वहिनी, स्पष्ट बोलतो. हे दुकान आता अपशकुनी झालं. आरसे भंगारात देऊन टाकू. माझं प्लायवूड ठेवायला जागा होईल. तुम्ही वर निवांत बसा."

"बसून काय करू?"

"इतकी वर्षं काय केलंत?"

"काचा कापल्या. हे गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे, मी मागे कापत असायचे. दुकानाची किल्ली द्या, भावोजी. उद्या उघडणार आहे मी."

वन्संनी मिटल्या डोळ्यांनीच कपाळावर हात मारला. "अगं, आरसे उघडलेस तर तो आत अडकेल!"

"ते कसले अडकतायत! आख्खा जन्म या आरशांत गेला, पण जेवायला हाक मारली की ताटाच्या आधी माणूस हजर."

"आणि नंबर लागतो त्याचं काय? हसू नका वहिनी, खरं असतं ते," भावोजी म्हणाले.

"जो पहिल्यांदा बघेल त्याचाच ना?"

"त्याचाच."

"मागून बघणाऱ्यांना काही नाही?"

"छे, त्यांना कशाला काही होतंय!"

ती उठली. भिंतीतल्या सगळ्यात मोठ्या आरशावरची चादर तिने एका हिसक्यात ओढली आणि समोर उभी राहिली. सुजलेले डोळे, पिंजारलेले केस. मग तिने केसांची पिन काढून नीट लावली.

"झालं. पुढचा नंबर माझा, तुम्ही सगळे सुटलात. आणि तो लागेपर्यंत दुकान मी चालवणार. आणा किल्ली."

नियम भावोजींनीच नीट समजावून सांगितला होता. खिशातून किल्ली काढली, तिच्याबरोबर कंगवाही वर आला. किल्ली त्यांनी वहिनीच्या हातावर ठेवली आणि सकाळपासून विस्कटलेले केस, जणू सहजच, तिच्या खांद्यावरून बघत बसवून घेतले.

वन्संनी एकच डोळा किलकिला केला.

"आधी तूच बघितलंस ना गं? नक्की?"

"नक्की, वन्सं."

"मग सर की जरा बाजूला."