शेवटचा तुकडा

वहिनीचा काटा ताटलीपर्यंत पोचला, पण तेवढ्यात डॉक्टरिणीने शेवटचा तुकडा उचलून तोंडात टाकला.

"अगं!" वहिनी म्हणाली.

"अगं काय? केव्हाची नुसता काटा फिरवतेयस. भोपळा पळून जाणार नव्हता, पण गार होत होता."

भाजलेल्या भोपळ्याच्या जाड फोडी, वर मऊ चीज आणि चुरलेले अक्रोड. वेटरने ती ताटली ठेवताना इतकं अगत्याने वर्णन केलं होतं की एखाद्या लग्नाच्या मुलाची माहिती सांगतोय असं वाटावं. डॉक्टरिणीने डोळे मिटून सावकाश चावलं. ती दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना गोड खाऊ नका म्हणून दटावायची आणि रविवारी अशा ठिकाणी आली की मेन्यूकार्ड शेवटच्या पानापासून वाचायला घ्यायची.

"बातमी," वकीलीण म्हणाली आणि तिने नॅपकिनने ओठ टिपले.

नियमच होता तसा. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी चौघींनी शहरातल्या एखाद्या नावाजलेल्या रेस्टॉरंटमध्ये जेवायचं, मागवलेलं सगळं मधे ठेवून वाटून खायचं आणि गोडासाठी तिथून उठून बेकरीत जायचं. पूर्वी प्रत्येक ताटलीत एक तुकडा उरायचा. तू घे, नको तू घे, माझं पोट भरलं, असं करता करता तो वाळून जायचा आणि वेटर उचलून न्यायचा. मग त्या जाणाऱ्या तुकड्याकडे चौघीही आशाळभूतपणे बघत बसायच्या. एकदा वन्संचं डोकं फिरलं. आजपासून शेवटचा तुकडा जी खाईल तिने बातमी सांगायची, असं तिने जाहीर केलं. बातमी खरी हवी, आपली स्वतःची हवी आणि टेबलावर दुसऱ्या कुणालाही माहीत नसलेली हवी. वकिलिणीने त्याला पुस्ती जोडली : कुणाला आधीच माहीत असेल तर बातमी बाद, तिथल्या तिथे दुसरी सांगायची. तेव्हापासून एकही तुकडा वाया गेला नव्हता.

"काल एका पेशंटने मला चावलं," डॉक्टरीण म्हणाली. "सत्तरीचे गृहस्थ. वर मलाच म्हणतात, तुम्ही बोट मधे आणलंत."

वन्सं हसली आणि आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या. ती पोहायला शिकवायची. तलावाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओरडून ओरडून तिचा आवाज असा झाला होता की तिने कानात सांगितलेली गोष्टही जिन्यापर्यंत ऐकू जायची. कडक इस्त्रीचे नॅपकिन, पातळ काचेचे पेले आणि हळू बोलणारी माणसं असलेल्या या जागेत तिला काही फरक पडत नव्हता.

वहिनीही हसली, पण तिचं लक्ष नव्हतं.

खरं तर ती फक्त वन्संची वहिनी. लग्न होऊन घरात आली तेव्हा नवऱ्याची ही धाकटी बहीण कॉलेजात होती, वेणी उडवत भांडायची. वहिनीने तिला चेष्टेने वन्सं म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. काही वर्षांपूर्वी वहिनीचा नवरा गेला. ती घराबाहेर पडेना, तेव्हा याच नणंदेने तिला अक्षरशः ओढून आणलं आणि आपल्या मैत्रिणींमध्ये बसवलं. त्याही तिला वहिनीच म्हणायला लागल्या. या टेबलावरची खुर्ची तिला त्या नात्याने मिळाली होती, असं वहिनीला कायम वाटायचं.

आणि येत्या गुरुवारी वहिनीचं लग्न होतं.

तिचं चष्म्याचं दुकान होतं. गेल्या वर्षी एक गृहस्थ तिथे फ्रेम सैल झाली म्हणून आले. नकाशे काढायचं काम करत, बोलायला मितभाषी, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. वहिनीने स्क्रू घट्ट करून दिला. पुढच्या आठवड्यात ते परत आले. फ्रेम मुळीच सैल नव्हती, तरी वहिनीने बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन तो उगाच थोडा फिरवला आणि म्हणाली, हो, होती जराशी. त्यानंतर ते येतच राहिले आणि स्क्रूचा काही दोष नाही हे दोघांनाही कळून चुकलं. परगावी असलेल्या मुलाला तिने फोनवर सांगितलं. तो खदखदून हसला आणि म्हणाला, "आई, आत्याला सांगितलंस?"

घोडं तिथेच अडलं होतं. वन्सं नको म्हणेल अशी भीती नव्हती. तिचं मन मोठं होतं. पण दादाचा विषय निघाला की अजून तिचा चेहरा लहान मुलीसारखा व्हायचा. ती हसून अभिनंदन करेल, नंतर हळूहळू फोन कमी होतील, आणि एखाद्या रविवारी आपल्याला कुणी बोलावणार नाही, अशी वहिनीची धास्ती होती. दादाची बायको म्हणून ती वहिनी होती. दुसऱ्याची झाल्यावर ती कुणाची वहिनी? घरी गाठून सांगायला तिचा धीर होत नव्हता. म्हणून तिने ठरवलं होतं की आज तुकडा खायचा आणि नियमाच्या आधाराने सांगून टाकायचं.

मासा आला. लोण्यात परतलेला, कडेला बटाट्याच्या कागदासारख्या चकत्या. बोलता बोलता तो संपत आला आणि मधे एकच तुकडा राहिला. वहिनीने घाईघाईने सुरी उचलली. डॉक्टरीण मागे सरकून बसली. वहिनीने तुकड्याचे दोन केले. मग त्यातल्या एकाचे आणखी दोन केले.

"हा मासा आहे की वडिलोपार्जित जमीन?" वकिलिणीने विचारलं. "किती वाटण्या करणार आहेस?"

"खातेय ना," वहिनी म्हणाली आणि तिने सुरी खाली ठेवली.

वन्सं हनुवटीखाली हात घेऊन तिच्याकडे बघत होती. जरा वेळ थांबून तिने सगळे तुकडे एकदम काट्याला टोचले आणि तोंडात टाकले.

"दादाचा कोट देऊन टाकला मी," ती म्हणाली.

डॉक्टरिणीने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"दारामागचा?" वहिनीने विचारलं.

"तोच. आमच्याकडे विसरून गेला होता, तेव्हापासून लटकत होता. एका नाटक मंडळीला दिला. आता दर शनिवारी स्टेजवर जाईल, टाळ्या ऐकेल. दारामागे उभं राहून काय करत होता बिचारा?"

वन्सं हसत होती आणि सरळ वहिनीच्या डोळ्यांत बघत होती. वहिनीने नजर ताटलीकडे वळवली. नेमकी आजच हिला दादाची आठवण यावी, असं तिला वाटलं. जो कोट इतकी वर्षं हिला दाराआडून काढवला नाही तो काढताना हिला काय झालं असेल, आणि त्यावर आता आपण आपल्या लग्नाचं सांगायचं? तिच्या तोंडाला कुलूप लागलं ते बिल येईपर्यंत निघालं नाही.

बेकरी पलीकडच्याच गल्लीत होती. चौघी झाडांच्या सावलीतून रमतगमत निघाल्या. डॉक्टरीण सगळ्यांत पुढे होती; लोण्याचा आणि भाजलेल्या साखरेचा वास आला की तिच्या पायांना चाकं लागायची. रस्त्याकडच्या काचेमागे पावांच्या रांगा होत्या, आत पितळी कडांचं कपाट, संगमरवरी गोल टेबलं आणि कोपऱ्यात फुसफुसणारं कॉफीचं यंत्र. त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. वहिनीने बाहेर नजर टाकली आणि पटकन वळवली. समोरच्या बाकावर नकाशेवाले वर्तमानपत्र घेऊन बसले होते. "मी तिथे बसतो," ते काल म्हणाले होते, "सांगून झालं की नुसता हात करा. आणि नाही जमलं, तरी घरी सोडायला येतो." ते वाचत कमी आणि चष्मा पुसत जास्त होते.

नाशपातीचा टार्ट आला. ही बेकरी टार्टचे पाच तुकडे करायची. का, ते कुणाला माहीत नव्हतं, पण चौघींच्या वाटणीला एकेक जायचा आणि पाचवा ताटलीत राहायचा. गप्पा चालल्या होत्या. वकिलिणीच्या समोरच्या पक्षाच्या वकिलाला कोर्टात ऐन युक्तिवादात शिंका लागल्या होत्या, त्या ती साभिनय करून दाखवत होती. डॉक्टरीण डोळे पुसून पुसून हसत होती. वहिनी आपला तुकडा कणाकणाने खात होती. तो संपला. तिने पाण्याचा घोट घेतला. मग आणखी एक घेतला.

आता हात पुढे करायचा, तुकडा उचलायचा, चावायचा, गिळायचा आणि म्हणायचं, मी लग्न करतेय. शब्द पाठ होते. वहिनीने हात पुढे केला.

वन्संने ताटली स्वतःकडे ओढली आणि तुकडा उचलला.

"वन्सं, आज मला..." वहिनीचा आवाज चिरका निघाला.

वन्संने हाताने थांब अशी खूण केली. तिने तो तुकडा अगदी निवांत खाल्ला. वरची नाशपाती आधी, मग खालचा कुरकुरीत भाग, मग बोटाला लागलेला पाक. वहिनी रडायच्या बेतात होती. शेवटचा तुकडा गेला होता आणि गुरुवार चार दिवसांवर होता.

"बातमी," वकीलीण म्हणाली.

"आमच्याकडे लग्न आहे," वन्सं म्हणाली. "येत्या गुरुवारी."

"कुणाचं?"

"आमच्या वहिनीचं."

कॉफीचं यंत्र फुसफुसलं आणि थांबलं.

"तुला कुणी..." वहिनी एवढंच म्हणू शकली.

"तुझ्या लेकाच्या तोंडात कधी तीळ भिजलाय का? तू त्याचा फोन ठेवलास आणि त्याने मला लावला. म्हटलं, असू दे, ती सांगेल. गेला महिना वाट बघितली. आज भोपळा गेला, तू गप्प. माशाचा तर तू चुरा केलास. मग मी कोटाचं सांगितलं. म्हटलं, आता तरी हिला कळेल की माझ्याकडची वाट मोकळी आहे. तर तू मान खाली घालून बसलीस. आणखी किती खायचं मी तुझ्यासाठी? पोट आहे की गोदाम?"

डॉक्टरीण खुर्ची मागे ढकलून उठली आणि तिने वहिनीला मागून मिठी मारली. "मेली, लपवून ठेवतेस! दात दाखव आधी, हस की जरा!"

"एक मिनिट," वकीलीण म्हणाली. तिचेही डोळे भरले होते, पण तिने बोट वर केलं होतं. "माझी हरकत आहे. ही बातमी वहिनीला माहीत होती. शिवाय ती तुझी स्वतःची नाही. बाद. दुसरी सांग."

"अगं, आता कसला नियम?"

"नियम तूच केलास."

वन्संने ताटलीतला चुरा बोटाने एका बाजूला गोळा केला. तिचा चेहरा दादाचा विषय निघाल्यावर व्हायचा तसा झाला. मग तिने मान वर केली.

"ठीक आहे. ही घ्या," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज त्या टेबलापुरता होता. "ही कुणालाच माहीत नाही. दादाच्या लग्नात मी मुलाकडची होते. काहीतरी बिनसलं आणि रुसून बसले. कुणाचंच ऐकेना. शेवटी नवरी स्वतः उठून आली आणि मला हाताला धरून जेवायला घेऊन गेली." तिने वहिनीकडे पाहिलं. "या लग्नात मी मुलीकडची."

वकिलिणीने बोट खाली घेतलं.

वहिनीला समोरचं काही दिसेना. वन्संने हात लांब करून तिच्या नाकावरचा चष्मा काढला आणि नॅपकिनने पुसायला घेतला.

"दुकान चष्म्यांचं आणि बाईच्या काचा बघा," ती म्हणाली.

"मला आता हाक काय मारशील गं?" वहिनीने हळूच विचारलं. इतके दिवस मनात कुरतडत होतं ते हेच होतं.

"काय म्हणजे? वहिनी. या वयात नवीन नाव पाठ करायला लावतेस की काय?" वन्संने चष्मा तिच्या डोळ्यांवर परत चढवला आणि खिडकीबाहेर मान वळवली. "तो समोरच्या बाकावर बसलाय, केव्हाचा एकच पान उघडून, तोच ना?"

वहिनीने मान हलवली. तिचा जीव आता कुठे भांड्यात पडत होता, तेवढ्यात वन्सं उठून दाराशी पोचलीसुद्धा. तिने ते जड काचेचं दार उघडलं आणि तलावाच्या पलीकडच्या टोकाला पोचणारा तो आवाज लावला.

"भावोजी! बाहेर काय बसलाय? आत या!"

रस्त्यावरची निम्मी माणसं वळून बघायला लागली. नकाशेवाले इतक्या घाईने उठले की वर्तमानपत्र एकीकडे आणि चष्मा दुसरीकडे पडला. तो उचलून ते आले तेव्हा फ्रेमची एक दांडी खरोखरच सैल झाली होती. डॉक्टरिणीने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, वकिलिणीने जागा करून दिली आणि वन्संने दुसरा टार्ट मागवला.

त्याचेही पाचच तुकडे होते. प्रत्येकाने एकेक घेतला आणि ताटली रिकामी झाली.