पानाबाहेर

"ह्यातली कुठली बसवू, काका?" कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या गुरुलिंगनं काउंटरवर दोन चपट्या डब्या ठेवल्या.

"कुठलीबी बसवा," जालिंदर म्हणाला.

"कुठलीबी कशी? ही छोटी एसएसडी डिस्क, ही मोठी. छोटीत विंडोज आन् तुमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर बसंल. बटन दाबलं की कॉम्प्युटर चालू. मोठीत सगळंच मावंल, पण तेवढी लागतीय का, ते बगावं लागंल की."

"तुमाला बरी वाटंल ती."

शेजारी उभ्या असलेल्या अपेक्षानं ओठ आवळले. बापाचं हे 'कुठलीबी' ऐकून तिचे कान किटले होते. आई गेल्यापासून जालिंदर सरवदे हा माणूस कशाला हो म्हणत नव्हता आणि कशाला नाहीही म्हणत नव्हता. भाजीत मीठ नाही हे तिनं सांगितल्यावर त्याला कळे, आणि कळूनही तो तसाच जेवत राही. अपेक्षा पुण्याला नर्स होती. दोन दिवसांची सुट्टी काढून आली, तर त्याच्या दुकानातला कॉम्प्युटर चालू होईपर्यंत बाप त्या काळ्या पडद्यापुढं हात मांडीवर ठेवून बसलेला. त्याला घाई नव्हती. तिलाच ते बघवेना. तिनं कॉम्प्युटरचा डबा उचलून रिक्षात घातला आणि बापालाही बसवलं. निदान ही एक गोष्ट तरी पप्पांनी स्वतः ठरवावी, असं तिला वाटत होतं. आणखी एक गोष्ट तिच्या मनात होती, पण ती तिनं अजून बोलून दाखवली नव्हती.

जालिंदरचं इथल्याच बुधवार पेठेत फ्लेक्सच्या डिझाइनचं दुकान. वाढदिवस, निवड, दहावीला पास झालेली पोरं, सगळंच तो करी. पण त्याचं खरं नाव होतं ते श्रद्धांजलीच्या बोर्डांसाठी. घरात माणूस गेलं की पहिला फोन पाहुण्यांना आणि दुसरा जालिंदरला, असं लोक चेष्टेनं म्हणत, आणि चेष्टा फारशी खोटी नव्हती. कुणाच्या नावामागं 'कैलासवासी' लावायचं, लिंगायताच्या घरी 'लिंगैक्य', बौद्धाच्या घरी 'कालकथित', हे त्याला विचारावं लागत नसे. आडनाव कानावर पडलं की बोटं चालू. लग्नाच्या घोळक्यातून एखाद्या म्हातारीला अलगद कापून, मागं निळं आभाळ लावून तो अशी बसवी की घरचेच म्हणत, जित्तेपणी म्हातारी एवढी देखणी कधी दिसली न्हाई!

बायकोचा, शालनचा बोर्डही त्यानंच केला होता. भावकीनं सांगून पाहिलं, दुसऱ्याकडून करून घेऊ. "दुसऱ्याला कुटं जमतंय," एवढंच तो म्हणाला आणि दुकानात जाऊन बसला.

गुरुलिंगनं कॉम्प्युटरचा डबा उघडला, आतली धूळ फुंकली, वायर जोडून चालू केला आणि जुन्या डिस्कला कान लावला. "कट-कट करतीय. आज हाय, उद्या न्हाय. ठिवण्यासारखं जे हाय ते आत्ताच काढून घिऊ. किती भरतंय ते बगू, मंग ठरवा छोटी का मोठी."

त्यानं डिस्क आपल्या मशीनला जोडली. 'श्रद्धांजली' नावाचं फोल्डर उघडलं. नावांमागून नावं उतरत गेली.

"त्यात मम्मीचा बोर्ड असंल," अपेक्षा म्हणाली. बोलायची राहिलेली गोष्ट हीच होती. "मला तेवढा तिचा फोटो पायजे, पप्पा. मोठा करून फ्रेम करती. पुण्याला न्यायचाय."

शालन फोटोला कधी उभी राहत नसे. कोणी मोबाइल वर केला की पदर तोंडावर. मामाच्या लग्नात एकदाच ती गाफील सापडली होती, अपेक्षाच्या मोबाइलमध्ये. तो मोबाइल पुढं पाण्यात पडला. त्याआधी जालिंदरनं तो फोटो कॉम्प्युटरवर घेतला होता, त्यातून शालनला कापून बोर्डावर बसवलं होतं, आणि उरलेलं चित्र त्या दिवशीच्या धांदलीत पुसून टाकलं होतं. बोर्ड वाऱ्यानं फाटला. म्हणजे आता शालन होती ती या फाइलमध्येच.

"असंल की," जालिंदर म्हणाला.

'शालन' नावाची फाइल सापडली. अपेक्षानं स्वतः क्लिक केलं. डिस्क कुरकुरली, थांबली, पुन्हा कुरकुरली. मग वरून खाली हळूहळू चित्र उतरलं. निळं आभाळ, फुलं, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेली एक सुरकुतलेली म्हातारी. खाली ठळक अक्षरं: लिंगैक्य चंद्रव्वा, वळसंग.

"ह्या कोण?"

"चंद्रव्वा. वळसंगच्या."

"पप्पा, फाइल मम्मीच्या नावाची हाय."

जालिंदर पडद्याकडे पाहत राहिला. काय झालं ते त्याला लगेच कळलं. या धंद्यातला कोणीही नवा बोर्ड कोऱ्या पानावर करत नाही. शेवटचा बोर्ड उघडायचा, जुन्या माणसाच्या जागी नवं बसवायचं, नाव बदलायचं आणि नव्या नावानं सेव्ह करायचं. म्हणजे जुना जुन्या जागी राहतो, नवा नव्या. शालनच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर दुकान उघडलं त्या सकाळी वळसंगचे लोक दारात उभेच होते. शेवटचा बोर्ड शालनचा होता. त्यानं तोच उघडला. 'कालकथित' खोडून 'लिंगैक्य' लिहिलं, बाई बदलली आणि नवं नाव न देता नुसतं सेव्ह केलं.

"चुकून सेव्ह झालं," तो म्हणाला.

"मम्मीला पुसून तिच्या जागेवर दुसरी बाई बसवली तुमी?"

"काम आलं हुतं."

"काम आलं हुतं! आन् तुमच्या हाताला काय वाटलं न्हाय?"

जालिंदरनं खरंच आठवून पाहिलं. ती सकाळ, दारातली माणसं, गरम झालेला माउस. आठवण्यात लबाडी करायची त्याची तयारी नव्हती.

"न्हाय," तो म्हणाला. "काय वाटलं न्हाय."

अपेक्षा रडली नाही. वॉर्डात रोज माणसं जाताना बघणारी पोरगी ती. पण तिचा चेहरा असा झाला की गुरुलिंगनं मान खाली घातली. तिला बापाचा राग आला होता, आणि त्याहून जास्त त्याची भीती वाटली होती. आई तर गेलीच. हा समोर उभा असलेला माणूस तरी शिल्लक आहे का, असं तिच्या मनात आलं.

"डिलीट झालं असतं तर शोधलं असतं," गुरुलिंग चाचरत म्हणाला. "पण ह्या फाइलवरच दुसरं सेव्ह झालंय, ताई." मग काहीतरी बोलायचं म्हणून तो पडद्याकडे वळला. "पण एक म्हातारी आन् चार फुलं, फाइल एवढी जड कशी काय? काका, हिनंच तर तुमचं मशीन दमवलंय."

त्यानं माउसचं चाक मागं फिरवलं. चंद्रव्वाचं पान लहान होत गेलं, तळहाताएवढं, मग पोस्टाच्या तिकिटाएवढं. आणि पानाच्या बाहेर, मोकळ्या पांढऱ्या जागेत, माणसं दिसू लागली.

फेटेवाली, टोपीवाली, चष्मेवाली. कापून काढलेली, नाव नसलेली, एकमेकांना खेटून उभी. जुना फोटो पुसायचा नाही, पानाबाहेर सरकवून ठेवायचा, ही जालिंदरच्या हाताची सवय, त्याच्या ध्यानातही न येणारी. कुणाची पोरं दुसऱ्या दिवशी फोन करत, आडनाव चुकलंय, पुन्हा करून द्या. काम झाल्यावर मात्र त्यांना तिथून हलवायचं राहून जाई. पुढचा बोर्ड त्यातूनच होई आणि ही सगळी गर्दी पुढच्या फाइलमध्ये जाई.

चंद्रव्वाच्या सगळ्यात जवळ शालन होती. हसत होती. पदराकडे निघालेला हात अर्ध्यावरच राहिला होता.

अपेक्षानं काउंटरची कड धरली. मग ती पुढं वाकली. "हिच्या खांद्यावर हे काय?"

"तुझी बोटं," जालिंदर म्हणाला. "लग्नात तू मागं उभी हुतीस, खांद्यावर हात ठिवून. बोर्डावर ती फुलाखाली झाकली." त्यानं पडद्यावरच्या त्या बोटांकडं पाहिलं. "कापवली न्हाईत मला."

बाहेर दारापाशी कोणीतरी चार्जर मागत होतं, त्याला गुरुलिंगनं हातानंच थांबवलं. अपेक्षानं बापाच्या दंडाला धरलं आणि धरूनच ठेवलं.

"ताईला हा फोटो आलग काढून देतो," गुरुलिंग म्हणाला. "बाकी बाहेरची माणसं उडवतो. सगळ्या फाइलीत हीच गर्दी हाय, काका. ती साफ केली की छोटीत आरामात बसतंय तुमचं."

"उडवू नका," जालिंदर म्हणाला.

गुरुलिंगनं मान वर केली.

जालिंदरनं पडद्यावर बोट ठेवलं. आवाजात चढ नव्हता, उतार नव्हता. गिऱ्हाइकाला बोर्डाची मापं सांगावीत तसं तो सांगू लागला. "हे करकंबचे ज्ञानबा. घरच्यांकडं एवढाच फोटो हुता, आधार कार्डावरनं घेतला. हा भीमा, टेंभुर्णीत टेम्पो चालवायचा. ह्या निंगव्वा, ह्यांच्या पोरानं तीनदा साडीचा रंग बदलून घेतला." बोट सरकत सरकत शालनपाशी आलं. "आन् ही आमची शालन."

आई गेल्यापासून बापाच्या तोंडून ते नाव अपेक्षानं पहिल्यांदाच ऐकलं. नावाच्या शेवटाला त्याचा आवाज फुटला. त्यानं तो खाकरून साफ करायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मग तो तसाच, फुटक्या आवाजात बोलला.

"मोठी बसवा. हितं सगळेच राहू द्यात."

गुरुलिंगनं छोटी डबी उचलून मागच्या कपाटात ठेवली आणि मोठीचं सील नखानं फोडलं.