पाद्रीबाबांच्या गाईची निळी ज्योत

पेत्को गवंड्याच्या गोठ्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. त्याची गाय डाव्या कुशीकडून ढोलासारखी फुगली होती, आणि वैदू विल्चो तिच्यापुढे नाचत होता.

"निघ बाहेर, भवाने! दूध गोड लागलं काय? आता आग चाख!"

त्याने पोकळ सुई कुशीत खुपसली, वर काडी ओढून धरली आणि भक्क! निळी ज्योत वीतभर उठली. बायकांनी छातीवर क्रूस काढले. गाईची फुगी हळूहळू उतरली, तासाभरात रवंथ करू लागली.

"हे भूत जळालं," विल्चो घाम पुसत म्हणाला. "पण धाडणारी गावातच आहे. मेच्या सुरुवातीला, सेंट जॉर्जच्या सणाच्या पहाटे दवात कोण हिंडत होतं?"

सगळ्यांच्या माना गानामावशीकडे वळल्या.

आमच्या बल्गेरियातल्या डोंगरगावांत तेव्हा पक्की समजूत होती की त्या पहाटे चेटकीण दुसऱ्याच्या रानातल्या दवात आपला एप्रन फिरवते आणि तिथल्या गुरांचं दूध पळवते. म्हणून लोक तिच्याआधी, उजाडायच्या आतच, गुरं ओल्या लसूणघासाच्या कुरणात सोडायचे. यंदा मे महिना निम्मा झाला तरी धास्तीने ते रोजच चाललं होतं. गानामावशी बिचारी चुक्याची भाजी खुडायला गेली होती. एप्रन भिजला, एवढाच गुन्हा.

"रविवारी हिची म्हैस माझ्या दावणीला शुद्ध व्हायला येईल," विल्चोने निकाल दिला, "आणि ही गाव सोडेल."

मी त्या वर्षी शाळेवर नवी होते, मावशीकडेच राहायचे. विधवा बाई, मूल नाही. त्या म्हशीच्या दुधावर तिची चूल पेटायची. चार दिवस ती दार लावून बसली. मी दुधाच्या गाडीवर बसून तालुक्याला गेले आणि गुरांच्या डॉक्टरांना, मिन्कोव्हांना, घेऊनच आले.

रविवारी चर्चसमोर सगळे जमले, मावशीलाही मी हाताला धरून आणलं. डॉक्टरांनी विल्चोची सुई मागून घेतली, उलटसुलट पाहिली.

"ही तर आमच्याच कामाची. गुरांच्या दवाखान्यात होतास वाटतं?"

"झाडू मारायला," विल्चोच्या तोंडून निसटलं. मग सावरून तो म्हणाला, "पण चेटूक तुमच्या पुस्तकात नसतं, डॉक्टर!"

"नसेल बाबा. मला सांगा, गावातली सगळ्यांत पवित्र गाय कुठली?"

"पाद्रीबाबांची!" सगळे एका सुरात ओरडले. तिच्या शिंगाला क्रूस बांधलेला, रोज अंगावर तीर्थ शिंपडलेलं. डॉक्टरांनी तिला चर्चच्या सावलीत आणवली, तोंडातून रबरी नळी पोटापर्यंत सोडली, बाहेरचं टोक लांब धरलं आणि काडी लावली. फिकट निळी ज्योत थरथरत उभी राहिली.

मग दिमोआजोबांनी घसा खाकरला. "म्हणजे पाद्रीबाबांच्या गाईतही चेटकीण...?"

"जीभ आवर, दिमो!" पाद्रीबाबा लालबुंद झाले.

"चेटकीण नाही हो," डॉक्टर हसले. "दही कशाने लागतं? डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांनी. गाईचं पहिलं पोट म्हणजे तसलंच मोठं पिंप. त्यात असे अब्जावधी जीव गवत आंबवतात. त्यातल्याच काहींच्या कामातून मिथेन होतो, म्हणजे जळणारा वायू. गाय तो दिवसभर ढेकरा देऊन सोडते. ओल्या कोवळ्या लसूणघासाने पोटात फेस होतो, ढेकर अडते, गाय फुगते. सुईने वायू निघाला म्हणून पेत्कोची गाय वाचली. ज्योत निव्वळ तमाशा."

"मग माझी गाय फुगवली कुणी?" पेत्कोने विचारलं.

"तुम्हीच. पहाटे सोडून."

गर्दीत आधी एकजण फिसकन हसला, मग सगळेच. गानामावशी चार दिवसांत प्रथमच बोलली: "डॉक्टर, ती नळी जरा विल्चोच्या पोटात घाला ना. बघू तरी, ह्याच्यात काय पेटतंय!"

विल्चो कधी सटकला ते कळलंही नाही.

म्हैस मावशीच्याच दावणीला राहिली. पुढच्या वर्षी लोकांनी गुरांना आधी कोरडी वैरण घातली आणि दव वाळल्यावर रानात सोडलं. एकही गाय फुगली नाही.

आता मी पार म्हातारी झाले. नवे विल्चो पाहते, त्यांच्या नव्या ज्योती पाहते. माझं सांगणं एवढंच: ज्योत दिसली की आधी विचारा, जळतंय काय? आमच्या गावाने हा एक प्रश्न वेळेवर विचारला असता, तर एका बाईला चार दिवस दार लावून रडावं लागलं नसतं.