चौदाच्या पुढचे आठ

मल्लाप्पांनी कॅमेऱ्याच्या वरच्या झाकणाचे स्क्रू काढून बशीत ठेवले आणि डोळ्याला भिंग लावलं. समोरच्या स्टुलावर कालिंदीबाई मांडीवर हात जुळवून बसल्या होत्या. यंदाच्या खंडेनवमीला पूजा करताना रोल पुढे सरकवायचा लिव्हर अर्ध्यावर अडकला, तेव्हापासून त्यांचं कशात लक्ष लागत नव्हतं.

आत त्यांच्या यजमानांचा, नृसिंहराव मास्तरांचा, शेवटचा रोल होता. नऊ वर्षांपूर्वी दसऱ्याच्या संध्याकाळी त्यांनी कॅमेरा गळ्यातून काढला आणि म्हणाले, "चौदा झाले. उरलेले दिवाळीत काढू." दिवाळी त्यांना दिसलीच नाही. बाईंनी मग तो रोल कुणाला काढू दिला नाही. त्यांनी ठेवला तसाच राहू दे म्हणाल्या.

"वैनी," मल्लाप्पांनी सुईच्या टोकावर काहीतरी पिवळसर उचललं आणि हुंगलं. "ह्यात मध कुठनं आला?"

"मध?"

"मध हाय, साखर हाय. वाळून दगड झालाय. आन् हे बघा, कुंकू. आन् ह्यो तांदूळ, दात्यात बसलाय नेमका. चाळीस वर्सं कॅमेरे खोलतोय, पर असला परसाद पहिल्यांदाच गावला."

दर खंडेनवमीला कालिंदीबाई घरातली हत्यारं पाटावर मांडत. विळी, कात्री, शिवणयंत्र आणि मधोमध कॅमेरा. हळदकुंकू, अक्षता, आणि फुलानं पंचामृताचा एकेक थेंब. मनापासून.

"मीच केलं हे," त्या अगदी हळू म्हणाल्या.

"मग कोण करणार? मास्तर तर ह्याच्यावर साधा वारा लागू देत नव्हते." आपलं बोलणं बाईंना लागलं, हे बोलून झाल्यावर मल्लाप्पांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी मान खाली घातली, काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटात बुडवला आणि दाता न् दाता पुसायला घेतला. अर्ध्या तासानं लिव्हर कुरकुरला, मग सरकला.

"सुटला. आता रोल उलटा गुंडाळून काढतो. बावीस झाल्यात, दोन कोरे जातील."

"चौदा," कालिंदीबाई म्हणाल्या.

"बावीस. आत्ता लिव्हर वढायच्या आधीच आकडा बघून ठेवलाय मी."

"चौदाच आहेत हो. त्यांनी स्वतः सांगितलेलं."

"आकडा काय खोटं बोलत न्हाय, वैनी. मास्तरांच्या मागं कुणीतरी आठ काढल्यात."

कॅमेरा कपाटात असे, किल्ली कालिंदीबाईंच्या कमरेला. बाहेर निघायचा तो वर्षातून एकदाच, नवमीला. आणि पूजा झाली की हत्यार एकदा चालवून ठेवायचं, ही त्यांच्या सासूबाईंची शिकवण. म्हणून त्या कात्रीनं चिंधी कापत, यंत्रावर एक टाका घालत आणि कॅमेऱ्याचा लिव्हर ओढून बटण एकदा दाबत. आठ वर्षं; नवव्याला, यंदा, तो अडकला.

"पण मी मोकळंच दाबत होते," त्या म्हणाल्या. "डोळा लावलाच नव्हता मी त्याला."

मल्लाप्पांनी डोळ्याचं भिंग काढलं. "फोटू काढायला त्याला तुमचा डोळा कशाला पायजे? भिंगावरचं म्होरलं झाकण काढलं व्हतं का?"

"समोर बसवून पूजा करायची नि त्याचे डोळे झाकून ठेवायचे? ते काढतेच मी."

"झालं तर मग."

नऊ वर्षं जे जपलं म्हणून सांगितलं, ते आपणच खर्चत होतो. कालिंदीबाईंना डोळे पुसायला पदराचं टोकही सापडेना. "चौदाव्यावर तर नाही ना पडला माझा? त्यांचा शेवटचा आहे तो."

"धुतल्याबिगार मी काय सांगणार न्हाय. शुक्रवारी या."

शुक्रवारी त्या अंबाबाईचं दर्शन घेऊन तशाच दुकानात आल्या. मल्लाप्पांनी नुसतं "बसा" म्हटलं आणि काळेपांढरे फोटो काउंटरवर ओळीनं मांडले. काही धुरकटलेले होते.

चौदावा शाबूत होता. पुढे केलेला एक तळहात, त्यावर आपट्याची पानं, मनगटात काचेच्या बांगड्या. हात त्यांचाच. सोनं द्यायला पुढे केला, तेव्हा ते म्हणाले होते, हलू नको.

पंधराव्यात कालिंदीबाईंचा चेहरा होता.

अगदी जवळून, समईच्या उजेडात. बटणाकडे आलेलं मनगट रिकामं, कपाळ रिकामं. शेजारी सोळावा. मग सतरावा. दर वर्षीची नवमी, तोच पाट, त्याच वाकलेल्या कालिंदीबाई, केस थोडे अधिक पांढरे. आठही फोटोंत डोळे थेट समोर आणि ओठ अर्धवट उघडे. बटण दाबताना त्या दर वर्षी एकच वाक्य पुटपुटत, यंदाही सगळं नीट पार पडलं हो. कुणी ऐकत असेल, बघत असेल, असं त्यांनी कधी धरलंच नव्हतं. खाली बसायला स्टूल आहे की नाही, हे न बघताच त्या टेकल्या.

"मास्तरांनी शेवटाला हात जवळनं घेतला, न्हवं?" मल्लाप्पा म्हणाले. "ते अंतराचं माप तसंच ऱ्हायलं. हाताला लावलेलं तुमच्या तोंडाला बरोब्बर बसलं. मी मुद्दाम लावून देतो म्हटलं तरी बसलं नसतं."

कालिंदीबाई चौदावा नि पंधरावा शेजारी शेजारी धरून बसल्या होत्या.

जरा वेळानं मल्लाप्पांनी पुसलेला कॅमेरा पुढे सरकवला. "आता नीट चालतोय. फुडच्या नवमीला पंचामृत तेवढं दुरनं. आन् झाकण—"

"झाकण मी काढणार," कालिंदीबाई म्हणाल्या. "तुम्ही रोल भरून द्या."