मिस्त्री एकटेच आले

“मंडळी कुठायत?” दार उघडता उघडता आत्याने विचारलं, आणि शब्द तोंडातून सुटताच तिला वाटलं, हे विचारायला नको होतं.

पायरीवर मिस्त्री एकटेच उभे होते. हातात टोपी, दाढी वाढलेली, कोटाचं एक बटण दोऱ्यावर लोंबकळत होतं. नवऱ्याला अशा कोटात घराबाहेर पडू देणारी त्यांची बायको नव्हती.

“गेली,” मिस्त्री म्हणाले. “मागल्या महिन्यात. झोपेतच.”

आत्याने पुढे काही न विचारता त्यांना दंडाला धरून आत घेतलं.

तुरुंगाच्या फाटकासमोरचं हे घर मिशनचं होतं. लांबून कैद्यांना भेटायला येणाऱ्या घरच्यांना तिथे पाठ टेकायला जागा मिळे, गरम पाणी, दोन घास आणि रडायला एखादा कोपरा. मिशनने आत्याला दुसरं माणूस मिळेपर्यंत म्हणून पाठवलं होतं. दुसरं माणूस काही मिळालं नाही, आणि मिळालं असतं तरी तिने त्याला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं असतं. एका लहान पोराने तिला पहिल्यांदा आत्या म्हटलं. तेव्हापासून तिच्या वयाची माणसंही तिला आत्याच म्हणू लागली. पाळकसाहेब कधी आले आणि जेवणाआधीची त्यांची प्रार्थना लांबली, तर ती डोळे मिटूनच म्हणे, “साहेब, आमेन म्हणा आता. पोरं उपाशी आहेत हे देवाला ठाऊक आहे.” आतल्या माणसाने काय गुन्हा केला हे ती कोणाला विचारत नसे. ‘माफ करा’, ‘विसरून जा’ असलं काही तिच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं.

मिस्त्री तर इतकी वर्षं येऊनही मुलाला भेटायला कधी आत गेले नव्हते. दर महिन्याला बायकोला फाटकापर्यंत पोचवायचे आणि परत येऊन आत्याच्या स्वयंपाकघरात काही ना काही दुरुस्त करत बसायचे. सुतारकामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. घरातली डुगडुगणारी टेबलं, न लागणाऱ्या खिडक्या, सगळं नीट करून झालं, तेव्हा त्यांना बसायला निमित्त असावं म्हणून आत्याने एका स्टुलाचा पाय स्वतःच ठोकून सैल केला होता.

आजही ते सवयीने स्वयंपाकघरातच गेले. पण हात नुसतेच मांडीवर पडून राहिले.

“पोराला कळवलंत?” त्यांच्यापुढे चहा ठेवत आत्याने विचारलं.

“नाही. त्याचसाठी आलोय. तुम्हाला आत सोडतात ना? तुम्ही सांगा त्याला.”

अशा बातम्या आत्याने आधीही पोचवल्या होत्या. नाही म्हणायचं कारण नव्हतं. तिने ओले हात पुसले, पुन्हा पुसले.

“मी सांगेन की. पण माझ्यासमोर तो नुसतं ‘बरं’ म्हणेल आणि कोठडीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडेल. परक्या बाईसमोर कोण रडतंय? मिस्त्री, आज तुम्ही जा.”

मिस्त्री ताडकन उठले. “तुम्हीसुद्धा? इतकी वर्षं एका शब्दानं बोलला नाहीत, म्हणून तर येत होतो मी इथं!”

“म्हणूनच आज बोलतेय.”

“मग ऐका. दारूच्या नशेत यानं ज्याला मारलं, तो आमच्या शेजारचा पोरगा. माझ्या मांडीवर खेळलेला. त्याची शवपेटी मी केलीय, या हातांनी. रोज त्याच्या बापाच्या दारावरून जातो मी. तो माणूस अजून मला ‘या, बसा’ म्हणतो! मी याला जाऊन पोटाशी धरलं, तर उद्या त्याला काय तोंड दाखवू?”

आत्याने हातातलं फडकं खाली ठेवलं.

“पोटाशी धरा असं कोण म्हणतंय? माया येत नसेल तर नका करू. पण आई गेल्याचं घरच्या माणसानं सांगावं. बातमी द्या आणि या.”

मिस्त्री परत बसले नाहीत. आत्याने सुई-दोरा आणला आणि त्यांच्या अंगावरच कोटाचं बटण शिवायला घेतलं. “हलू नका, टोचेल,” ती म्हणाली. दोरा तोडून झाल्यावर मिस्त्रींनी टोपी उचलली आणि ते निघाले.

खिडकीतून आत्या बघत राहिली. फाटकाशी ते थबकले, शिपायाने काहीतरी विचारलं, आणि मग ते आत दिसेनासे झाले. मागे बटाटे करपल्याचा वास सुटला, तेव्हा कुठे ती भानावर आली.

दुपारी भेटायला गेलेले सगळे एकेक करून परतले. मिस्त्री शेवटी आले आणि दारातल्या बाकावर मटकन बसले.

“सांगितलंत?”

“सांगावंच लागलं नाही.” ते जमिनीकडे बघत होते. “मला बघितलं आणि तो उठून उभा राहिला. माझ्या मागं बघत राहिला, ती येतेय का म्हणून. मग माझ्याकडे बघितलं, आणि खाली बसला. मी आलोय, एकटा आलोय, एवढ्यावरूनच समजला तो.”

आत्या त्यांच्या शेजारी टेकली.

“खूप रडला. शेवटी डोळे पुसून मला म्हणतो, ‘बाबा, जेवलात का?’” मिस्त्रींचा आवाज चिरकला. “ती गेल्यापासून कोणी विचारलं नव्हतं हो. नाही म्हणालो. तर म्हणाला, जेवून मगच निघा.”

“चला मग,” आत्या म्हणाली.

स्वयंपाकघरात न जाता मिस्त्री आज पहिल्यांदाच बाहेरच्या मोठ्या टेबलाशी, सगळ्यांच्यात बसले. आत्याने त्यांच्यापुढे सूप आणि पाव ठेवला. शेजारची खुर्ची रिकामी होती. तेवढ्यात दुपारच्या गाडीने एक तरुण बाई आली, कडेवर झोपलेलं मूल, नजर भेदरलेली. जागा शोधत ती त्या खुर्चीपाशी थांबली.

“इथं कोणी बसलंय का?”

मिस्त्रींनी खुर्चीकडे बघितलं. आत्याच्या हातातला डाव तसाच राहिला.

“नाही,” मिस्त्री म्हणाले. “कोणी नाही. बसा.”

आणि त्यांनी आपल्या ताटलीतला पाव तिच्यापुढे सरकवला.