चार बोटांचं अंतर

“आधी तुमचा चष्मा इकडे द्या,” चष्मेवाला म्हणाला. गिऱ्हाइकाने तो काढून देताच त्याने काउंटरच्या पार टोकाला, ट्रेमध्ये नेऊन ठेवला. मग खांदे सैल सोडून तो गिऱ्हाइकाच्या समोर बसला.

नवी फ्रेम घालून बघायची तर जुना चष्मा उतरवावाच लागतो, त्यात नवल नाही. पण तो हात पुरणार नाही इतका लांब ठेवायची काही गरज नसते. ती गरज चष्मेवाल्याची होती. नव्या फ्रेममध्ये नंबर नसलेली साधी काच असते, त्यामुळे मोठ्या नंबरवाल्याला समोरचा माणूस म्हणजे शर्ट घातलेलं धुकं. त्या धुक्याच्या ओठांभोवती कोड आहे, डोळ्यांच्या कोपऱ्यात आहे, बोटांच्या पेरांवर आहे, हे कुणाला कळत नाही, असं तो धरून चालला होता. तेवढा वेळ तो चारचौघांसारखा असे. विनोदसुद्धा करी.

नुसत्या वाचायच्या चष्म्याचं गिऱ्हाईक आलं की मात्र तो मागच्या खोलीत काचा घासायला सटके. अशा माणसांना दूरचं लख्ख दिसतं. दारातूनच त्यांची नजर त्याच्या तोंडावर येई आणि घाईघाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पळे. घड्याळ कित्येक दिवस बंद होतं. बंद घड्याळात लोक इतका वेळ काय बघतात, देव जाणे.

“मालक, तुमचं गिऱ्हाईक!” तो आतूनच ओरडे.

मालकांनी का म्हणून कधी विचारलं नाही. पूर्वी एका बाईने आपल्या मुलीचं तोंड त्याच्या हातांतून मागे ओढून घेतलं होतं आणि “हिचं तुम्हीच बघा ना,” असं त्यांना म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी मालकांनी पातळ हातमोज्यांचा खोका आणून ठेवला. चांगल्या मनानेच आणला होता, आणि तेच त्याला जास्त लागलं. खोका अजून फोडलेला नव्हता. चष्मे उतरवून लांब ठेवायची युक्ती त्याने त्यानंतरच काढली होती.

रफूवाली आली ती एका हाताने दाराची चौकट चाचपत. दुसऱ्या हातात चष्मा होता, एक काच तडकलेली, काडी चिकटपट्टीने बांधलेली.

“बसमध्ये कुणाचं तरी कोपर लागलं,” ती म्हणाली. “येताना एका खांबाला सॉरी म्हणून आले.”

“काय म्हणाला खांब?”

“काही नाही. शिष्ट दिसला.”

त्याने यंत्रावर काचेचा नंबर बघितला. मायनस अकरा. इतक्या नंबरच्या बाईपासून त्याला काहीच भीती नव्हती.

“जवळचं दिसतं ना नीट?” त्याने विचारलं. हा प्रश्न तो सगळ्यांनाच विचारी आणि उत्तराकडे फारसं लक्ष देत नसे.

“जवळचंच तर दिसतं. मी कपड्यांना रफू करते. काम करताना चष्मा काढून ठेवते आणि कापड नाकाला लागेल इतकं जवळ धरते. चष्मा लागतो तो रस्त्यात. माणसं ओळखायला.”

“नाही ओळखली तर बरंच की.”

ती एवढ्या मोकळेपणाने हसली की आतल्या टेबलावरून मालकांनी मान वर करून पाहिलं. त्याने फ्रेम दोन्ही हातांत धरून तिच्या चेहऱ्यावर चढवली, नाकावर टेकवली, काड्या कानांमागे नेल्या. ती अगदी स्थिर बसली होती.

“हात हलका आहे तुमचा,” ती म्हणाली. “नाहीतर चष्मेवाले कान उपटतात.”

हे वाक्य तो खिशात घालून घरी घेऊन गेला. घरी वहिनी त्याच्या चहाचा कप वेगळा ठेवत नसे, तसली ती नव्हती. पण सगळ्यांच्या आधी त्याचा कप विसळून टाकी. त्या संध्याकाळी ते बघूनही त्याला फारसं काही वाटलं नाही.

काचा बाहेरून घडवून आणायच्या होत्या, त्याला वेळ लागणार होता. तेवढ्या वेळात ती तशीच चाचपत पुन्हा एकदा मापं पक्की करायला येऊन गेली. कसरीने खाल्लेल्या एका कोटाबद्दल भरपूर बोलली. तोही बोलला. आपल्याला एवढं बोलता येतं, हे तो विसरलाच होता.

मग काचा आल्या. त्याने त्या फ्रेममध्ये बसवल्या, पुसल्या, उजेडाकडे धरल्या आणि एकाएकी चष्मा खाली ठेवला. हा चष्मा घालून ती डोळे उघडेल तेव्हा समोर कोण असेल?

ती रात्र त्याने या कुशीवरून त्या कुशीवर काढली. सकाळी सगळे उठायच्या आत त्याने वहिनीच्या टेबलावरची चेहऱ्याला लावायची ट्यूब उचलली आणि ओठांभोवती थोडं क्रीम चोळलं. भिंतीची भेग बुजवून वरून भलताच रंग मारावा, तसं ते दिसलं. त्याने साबणाने खसाखसा धुऊन काढलं. डाग तसेच राहिले, भोवतीची कातडी मात्र लाल झाली.

“मालक, आज त्या रफूवाल्या बाईंना चष्मा तुम्ही द्या,” दुकान उघडताना तो म्हणाला.

“का बरं? मापं तू घेतलीस. एवढ्या नंबरला केसभर इकडेतिकडे झालं तर बाई जिन्यावरून पडेल.”

“मला बरं वाटत नाहीये.”

मालकांनी त्याच्या लाल झालेल्या तोंडाकडे पाहिलं आणि नजर कुलपावर नेली. “तूच दे,” ते हळू आवाजात म्हणाले.

दारात कुणाची सावली पडली की तो दचकून वर बघे. त्याने काउंटरवरचा दिवा भिंतीकडे वळवला. मनगटापर्यंतच्या बाह्या आणखी खाली ओढल्या. हातमोज्यांचा खोका काढला, नुसता हातात धरला आणि परत खणात ढकलला. ती किंचाळणार नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. कुणी किंचाळत नाही. ती फक्त जरा जास्तच चांगलं बोलेल, ‘बरंय, येते’ म्हणेल आणि पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जाईल.

ती आली. या वेळी त्याने चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला नाही, कापडावर ठेवून पुढे सरकवला.

“आज स्वतः घालून देत नाही का?”

“तुम्हीच घाला.”

तिने घातला. आधी आरशात बघितलं, मग बाहेर. “समोरच्या गच्चीत कुणाची तरी उशी वाळत पडलीय,” ती खूश होऊन म्हणाली. मग तिने मान वळवली आणि त्याच्याकडे बघितलं.

तो पेचकस पुसत राहिला. आता तिची नजर घड्याळावर जाईल, याची वाट बघत राहिला. शेवटी न राहवून त्याने वर पाहिलं, तर ती कानामागे बोट लावून बसली होती.

“उजवीकडे लागतंय जरा.”

आता जवळ जाणं भाग होतं. त्याने तिच्याकडून चष्मा घेतला, काडीचं टोक गरम हवेवर धरून किंचित वाकवलं, गार होऊ दिलं. मग दोन्ही हातांनी तो तिच्या डोळ्यांसमोर नेला.

“अंगठ्याची चीर भरली का हो?” तिने विचारलं.

“काय?”

“गेल्या वेळी नखाच्या कडेला चीर होती. आणि हा पांढरा डाग तेव्हा पेराच्या अलीकडे होता. आता थोडा पुढे सरकलाय.” एखाद्या शालीच्या काठाबद्दल बोलावं, तशी ती बोलत होती.

चष्मा तिच्या नाकापासून चार बोटांवर अधांतरी थांबला.

“तुम्हाला दिसत होतं?”

“इतकं जवळचं? अहो, तेवढंच तर दिसतं मला. पहिल्या दिवशी तुम्हीच नाही का विचारलंत?”

त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मायनसच्या मोठ्या नंबरवाल्याला दूरचं दिसत नाही, पण डोळ्यांशी धरलेलं दुसऱ्या कुणापेक्षाही स्वच्छ दिसतं, हे तो रोज गिऱ्हाइकांना समजावून सांगत आला होता. वाचायच्या चष्म्यावाल्यांना टाळण्याइतका हिशेब त्याने अचूक केला होता. हिशेबाची दुसरी बाजू मात्र कधी तपासलीच नव्हती. मुलाच्या लग्नाचं रडगाणं सांगणारे मास्तर, डोळे मिटून गाणं गुणगुणणारा ड्रायव्हर, पोट धरून हसणारी एक नर्स. त्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर त्याने हीच बोटं नेली होती. सगळ्यांनी पाहिली असणार. आणि कुणी मान मागे घेतलेली त्याला आठवेना.

“काही बोलला नाहीत तुम्ही,” तो कसाबसा म्हणाला.

“बोलले की. हात हलका आहे म्हणाले.”

त्याने चष्मा तिच्या नाकावर टेकवला. काडी बरोबर बसली.

“चेहरा मात्र आज पाहिला,” ती म्हणाली. त्याचे ओठ आपोआप मिटले. “मला वाटलं होतं, चांगले म्हातारे असाल. विनोद तसे करता.”

तो हसला, आणि हसताना ओठांवर हात न्यायचा राहूनच गेला.

ती गेल्यावर तो काउंटरपाशी तसाच उभा होता, तोच दारात एक गृहस्थ आले. हातात पेपरची घडी, चष्मा गळ्यात दोरीला लटकवलेला. वाचायचा. त्यांची नजर चष्मेवाल्याच्या तोंडावर आली. सवयीप्रमाणे मालक आतून उठले.

“बसा मालक,” तो म्हणाला. “मी बघतो.”

आवाज चिरका आला. गृहस्थ खुर्चीच्या कडेवर टेकले. त्याने त्यांचा चष्मा उतरवून घेतला, ट्रेकडे वळला, थांबला आणि तो त्यांच्या हाताशीच ठेवला. नवी फ्रेम चढवून तो समोर बसला. गृहस्थांनी मान वर केली आणि भिंतीवरचं घड्याळ न्याहाळायला सुरुवात केली.



“ते घड्याळ बंद आहे,” तो म्हणाला. “इकडे बघा. माझ्याकडे.”