सुलट वल्लरी, उलट सुमित

सुमित आणि वल्लरीला मुलगी झाली.

बरं, ते राहू दे. तसं काही झालं नाही. दिवा स्टेशनजवळच्या त्यांच्या वन रूम किचनमध्ये पाळणा नाही, दुपटी नाहीत, शेजारीपाजारी पेढे गेले नाहीत, आणि गेल्या पावसाळ्यापासून त्या विषयावर कुणी बोलतही नाही. म्हणजे झालंच नाही. आपण कामाचं बोलू.

काम असं. इटलीतली एक संस्था तिकडच्या लोकांच्या घरी जाऊन प्रश्न विचारते. घरात कोण कोण राहतं, म्हाताऱ्यांचं कोण बघतं, भांडी कोण घासतं, मुलं किती. हे प्रश्न इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाला इंग्रजीत हवे होते. इटलीहून इंग्लंडला जाताना मध्ये ठाण्याचा घोडबंदर रोड लागतो हे भूगोलाच्या पुस्तकात नाही, पण कंत्राटात होतं. तिथल्या एका टॉवरमध्ये ही दोघं कामाला होती. इटालियन भाषा दोघंही एकाच सर्टिफिकेट कोर्सला शिकलेली, कारण जर्मनची बॅच फुल झालेली. प्रेम मात्र पहिल्या पसंतीचं होतं.

कामाची पद्धत कडक. वल्लरीने इटालियन प्रश्नाचं इंग्रजी करायचं. ते इंग्रजी, मूळ न दाखवता, सुमितकडे जायचं आणि त्याने त्याचं परत इटालियन करायचं. मग त्यांच्या वरिष्ठ विनिता मॅडम दोन्ही इटालियन शेजारी-शेजारी ठेवून बघायच्या. जुळलं तर वल्लरीचं इंग्रजी पास. नाही जुळलं तर वल्लरीने पुन्हा लिहायचं, कारण पद्धतीनुसार चूक नेहमी पहिल्याचीच धरतात. ऑफिसात तिला सुलट म्हणायचे, त्याला उलट. आणि सुलटने व उलटने प्रश्नाबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही, हा नियम. नवरा-बायकोला तो पाळणं जड जाईल अशी मॅडमना भीती होती. ती खोटी ठरली. ही दोघं घरीसुद्धा "टँकर आला का"च्या पुढे जात नव्हती.

आता जे झालं नाही, ते थोडक्यात. वल्लरीला आठव्या महिन्यात एकाएकी त्रास सुरू झाला. ठाण्याच्या एका दवाखान्यात पूर्ण भूल देऊन ऑपरेशन केलं. मुलगी जन्मली, थोडा वेळ जगली आणि गेली. तिला जिवंत पाहिलेला घरचा माणूस एकच, सुमित. वल्लरी शुद्धीवर यायच्या आत सुमितची आई मंजुळाबाई मोहने गावाहून पोचल्या आणि त्यांनी त्याला जिन्याखाली ओढलं.

"पोटातच गेलेलं म्हणून सांग तिला. जगून गेलेलं पोर बाईला झोपू देत नाही, मला विचार."

"अगं आई, पण मी बघितलंय तिला."

"मग तू नको झोपूस."

वडील चांगदेव शेजारीच उभे होते. त्यांचं मत कुणी विचारलं नाही, म्हणून ते चहा आणायला गेले.

सुमितने आईने सांगितलं तसंच सांगितलं. वल्लरीने दवाखान्याची फाइल कधी मागितली नाही. आणि सुमितची झोप गेली ती गेलीच. आईचं इतकं ऐकणारा मुलगा अख्ख्या मोहन्यात दुसरा नसेल.

मग एका मंगळवारी त्याच्या स्क्रीनवर प्रश्न आला. वल्लरीचं इंग्रजी नेहमीसारखं इस्त्री केलेलं होतं: तुम्हाला जिवंत जन्मलेली मुलं किती झाली, नंतर दगावलेली धरून? इटालियनमध्ये याला ठरलेला शब्द आहे, 'नाती विवी', जिवंत जन्मलेली. त्याची व्याख्याही ठरलेली आहे. बाहेर आल्यावर एक श्वास घेतला तरी ते मूल मोजायचं. सुमितला हे झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं, झोप असती तर. त्याने इटालियनमध्ये लिहिलं: सध्या हयात असलेली मुलं किती?

"वल्लरी, हे जुळत नाहीये गं," विनिता मॅडम म्हणाल्या. "तुझं इंग्रजी कुठे सैल पडतंय का बघ."

वल्लरीने आवळून लिहिलं. जन्मल्यावर श्वास, ठोका किंवा हालचाल दिसलेलं प्रत्येक मूल मोजा, लगेच दगावलं असलं तरी. सुमितने लिहिलं: सध्या हयात असलेली मुलं किती?

तिने आणखी लिहिलं. प्रश्न वाढत वाढत भाडेकरारासारखा झाला. सुमितने लिहिलं: सध्या हयात असलेली मुलं किती?

"बरा आहेस ना रे?" मॅडमनी विचारलं. "ती पानभर लिहितेय आणि तू त्याचा एसएमएस करतोयस."

"मला एवढंच कळतंय, मॅडम."

त्या संध्याकाळी घरी वल्लरी पिंप भरत होती. पाणी चार दिवसांनी आलेलं.

"मुद्दाम करतोयस?"

"प्रश्नाबद्दल बोलायचं नाही. नियम आहे."

"खड्ड्यात गेला नियम! भांडी कोण घासतं ते जुळतं. सासूला फोन किती वेळा करता ते जुळतं. सगळं टकाटक करतोस, मग हाच का नाही?"

"पिंप भरलं बघ," सुमित म्हणाला. "बादली लाव."

दिव्यात वाहता नळ कुणी बंद करत नाही. वल्लरीने केला. त्याच्याकडे एकदा नीट बघून ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

दुसऱ्या दिवशी प्रश्न परत आला. या वेळी तो छोटा होता. तुम्हाला जिवंत जन्मलेली मुलं किती झाली? आईला दाखवलं नसेल तर तेही धरा.

सुमितने खिडकीतून खाली पाहिलं. खाली रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या आणि त्यांतला प्रत्येक जण हॉर्न वाजवून आपण अजून इथेच आहोत हे कळवत होता. शेवटी त्याने सगळं लिहिलं. ठरलेला शब्द लिहिला, व्याख्या लिहिली, आईला न दाखवलेल्याचंही लिहिलं. आणि खाली, जिथे उलटने काहीच लिहायचं नसतं, तिथे उत्तर लिहिलं. इटालियनमध्येच, कारण मराठीत त्याला ते जमलं नसतं.

एक. मुलगी. रडली होती. आवाज बारीक, पण चिडका. मी ऐकला.

विनिता मॅडमनी ते वाचलं. स्क्रीन तशीच चालू ठेवून, आपली खुर्ची वल्लरीकडे सरकवून त्या चहाला निघून गेल्या.

वल्लरीने वाचलं. पुन्हा वाचलं.

"किती वेळ होती?"

"घड्याळ बघायचं सुचलं नाही मला."

"कुणासारखी होती?"

"चिडली होती ना. तुझ्यासारखीच मग."

वल्लरीला हसू आलं आणि ते अर्ध्यातच मोडलं. "मला वाटायचं, तिला काहीच कळलं नसेल. थंडी नाही वाजली, भीती नाही वाटली. तेवढ्यावर मी दिवस काढले, सुमित. आणि ती रडत होती, आणि मी झोपले होते."

"तू झोपली नव्हतीस, तुला भूल..."

"मी झोपले होते."

सुमितने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी ती दिव्याला उतरलीच नाही, पुढे डोंबिवलीला माहेरी गेली. सोडून वगैरे गेलेली नाही, असं तिने फोनवर सांगितलं. फक्त आता तिलाही झोप येणार नव्हती, आणि एका खोलीत दोन जागणारी माणसं मावत नाहीत.

प्रश्न मात्र पास झाला. मॅडमनी वल्लरीचं पहिलंच इंग्रजी सुमितकडे पुन्हा पाठवलं, तेव्हा शब्दन् शब्द जुळला. फाइल इंग्लंडला जाताना शेवटी भाषांतरकाराच्या शेऱ्याची जागा असते, तिथे आजवर सगळ्यांनी 'शेरा नाही' असंच लिहिलं होतं. वल्लरीने डोंबिवलीहून शेरा पाठवला. विनिता मॅडमनी त्यातला एक शब्दही न कापता तो पुढे धाडला. इंग्रजीत होता, मराठीत तो साधारण असा:

"सदर प्रश्नाचे भाषांतर जुळले आहे. तथापि उत्तरासाठी केवळ आकड्याची चौकट देण्यात आली असून ती अपुरी आहे. तरी चौकटीशेजारी अपत्याचा आवाज नोंदविण्याकरिता जागा ठेवण्यात यावी. आणि जन्माच्या वेळी माता भुलीखाली असल्यास सदर आवाज तिला एकदा, ती जागी असताना, ऐकविण्याची व्यवस्था आपल्या स्तरावरून करण्यात यावी, ही विनंती."